घर चालतं राहावं म्हणून

हॉटेलातून फोन आला तेव्हा मी एका आजींना पदर खांद्यावर घ्यायला शिकवत होते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. तो आता जेमतेम छातीपर्यंत येई आणि तिथून पदर घसरून पुन्हा मांडीवर पडे. आजी हसत होत्या, मीही हसत होते. फोन मी कापला.

संध्याकाळी परत केला. मोरजीच्या बाजूला नवं हॉटेल उघडलं होतं. मोपाला विमानतळ झाल्यापासून अशी हॉटेलं वाढतच होती. पाहुण्यांचे खांदे, पाठी मोकळ्या करायला त्यांना शिकलेली फिजिओथेरपिस्ट हवी होती. मला मिळत होता त्याच्या दुपटीहून जास्त पगार, न्यायला-आणायला गाडी. मी म्हटलं, विचार करून सांगते.

मी तेव्हा पेडण्याला बाईंच्या घरी काम करत होते. बाई म्हणजे डिचोलीच्या शाळेतल्या आमच्या मराठीच्या बाई. माझं माहेर तिथल्याच जवळच्या पाळी गावचं. वडील सावंतवाडीकडून खाणीवर ट्रक चालवायला आले आणि तिथलेच झाले. मी बारावीत असताना त्यांना झटका आला. जीव वाचला, पण पुढं काय करायचं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. पडून पडून त्यांचा हात कोपरात आखडला, मग पाय आखडला, आणि ते तसेच गेले. फिजिओथेरपी शिकायची असं मी तेव्हाच ठरवलं. आई तयार नव्हती. बाई शाळा सुटल्यावर बसनं पाळीला आल्या, आईसमोर बसल्या आणि तिला राजी करूनच उठल्या. ते मी कधी विसरले नाही.

निवृत्त झाल्यावर बाई पेडण्याला सासरच्या जुन्या घरी राहायला आल्या. यजमान वारले होते, मुलगा पोर्तुगालला. मीही लग्न होऊन पेडण्यातच आले होते आणि म्हापशाच्या एका इस्पितळात नोकरी करत होते. एक दिवस त्यांनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "एवढं घर रिकामं पडलंय. झटका आलेल्या माणसांना दिवसा इथं आणू, तू त्यांना उभं कर. करशील?" मी इस्पितळ सोडलं. बाईंनी विचारलं होतं, त्यापुढं काही विचारायचं मला सुचलंच नाही.

पुढच्या बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, आम्ही भिंतीला लांब बांबू बसवला, धरून चालायला. मधल्या खोलीत हातांच्या कदेली, म्हणजे खुर्च्या, मांडल्या. धारगळ, कोरगाव, पार्से, कुठून कुठून माणसं येऊ लागली. तेरेखोलचे एक आजोबा तर सुनेबरोबर फेरीबोटीतून नदी ओलांडून येत. झटक्यानं त्यांची वाचा गेली होती. कशालाही एकच शब्द, "बरें". दुखतंय का, बरें. भूक लागली, बरें. घरी जायचं, बरें. बरेच महिने असे गेले. एका सकाळी त्यांच्या चहात साखर घालायची राहिली. आजोबांनी घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "ना. साकर." सगळ्यांनी माना वळवल्या. मग लुळ्या हातांची, वाकड्या बोटांची माणसं जमेल तशी टाळ्या वाजवू लागली आणि सून भिंतीकडे तोंड करून रडायला लागली.

त्या दिवशी कुणी मला राज्य देऊ केलं असतं तरी मी ते घर सोडलं नसतं. पण रोज काही तसा दिवस नसतो. हॉटेलचा फोन आला तेव्हा मुलीची शाळा सुरू झाली होती आणि नवरा टॅक्सी चालवून दमत होता.

"लोकांचा खूप केलंस," तो म्हणाला. "आता देतत तर घे गो. पाप नाय ता."

खरं सांगायचं तर मी हो म्हणायच्या बेतातच होते. सकाळी बाईंना सांगितलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळे भरून आले त्यांचे.

"पगार महिन्याच्या शेवटाला संपतो," त्या म्हणाल्या. "तू जे देतेस ते त्या माणसाच्या अंगात राहतं. तू गेलीस तर हे दार बंद होईल, बाळा. निदान एवढं वर्ष तरी जाऊ नकोस. मला शब्द दे."

मी शब्द दिला. हॉटेलला नकार कळवला. नवरा चार दिवस माझ्याशी धड बोलला नाही. पाचव्या दिवशी आपणच बाईंच्या घरी आला, आढ्याला कप्पी बसवून दोरी ओवली आणि म्हणाला, "ह्या तुझ्या आजीच्या हाताक." मला वाटलं, आता सगळं नीट झालं.

चवथ होऊन गेली, विसर्जनं झाली, आणि एका सकाळी दाराशी मोठी गाडी थांबली. बाहेरगावचे दोन गृहस्थ आणि त्यांच्याबरोबर पेडण्याचा एक जमीनदलाल. आत येऊन ते खोल्या बघू लागले. मी आजींची दोरी धरून उभी होते. दलाल त्यांच्याशी हिंदीत बोलत होता. कामवाली असेल, तिला काय कळतंय, असं त्याला वाटलं असावं.

एकानं कदेलींवरच्या माणसांकडे बोट दाखवून विचारलं, हे लोक कोण?

"ते जातील दिवाळीपर्यंत," दलाल म्हणाला. "बाईंनी मुद्दाम ठेवलेत. घर रिकामं असतं तर त्यावर हक्क सांगणाऱ्या दिरांनी केव्हाच कुलूप ठोकलं असतं. एवढ्या आजारी माणसांना बाहेर कोण काढणार? आता कोर्टात निकाल बाईंच्या बाजूनं लागलाय. काही अडचण नाही."

माझ्या हातातली दोरी सुटली आणि आजींचा हात धप्पकन मांडीवर पडला. त्या कळवळल्या. मी आधी त्यांचा खांदा चोळला. मग आत गेले.

बाई जनेलाशी, खिडकीच्या उजेडात, बसून भाजी निवडत होत्या.

"बाई, घर विकताय?"

"सांगणारच होते तुला."

"दिरांनी कुलूप लावू नये म्हणून आम्हाला ठेवलं होतं?"

"असं वाकडं का बोलतेस?" त्यांनी मान वर केली नाही. "घर चालतं राहिलं, लोकांना बरं वाटलं. दोन्ही झालं ना? कुणाचं काय वाईट झालं त्यात?"

"मग मला नोकरी आली तेव्हा का अडवलंत?"

"तेव्हा निकाल लागायचा होता," बाई म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात. बस अजून आली नाही असं कुणी सांगावं तशा.

त्यांचे त्या दिवशीचे भरलेले डोळे मला आठवत राहिले. ते रडणं खोटं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. खोटं असतं तर बरं झालं असतं, एकदाच थुंकून मोकळी झाले असते. वाईट इतकंच वाटलं, की आयुष्यात एक मोठी निवड मी माझ्या मनानं केली असं समजत होते आणि ती कुणा दुसऱ्याच्या खटल्यासाठी करून घेतलेली निघाली.

दिवाळीपर्यंत कुणाला बोलू नकोस, असं मी खोलीतून बाहेर पडताना बाईंनी बजावलं होतं. मी त्याच दुपारी सगळ्यांना सांगितलं. तेरेखोलच्या आजोबांच्या सुनेनं विचारलं, "मगे आमी खंय येवचें?" आजोबा माझ्याकडे बघत होते. "बरें," ते म्हणाले, आणि या वेळी त्या शब्दाचा अर्थ काय हे मला कळलं नाही.

नवऱ्यानं मला एका शब्दानं टोचलं नाही. मित्राचा पिकअप घेऊन आला आणि सामान काढू लागला. तो बांबू सोडवत होता तेव्हा बाई दारात आल्या. "तो राहू दे रे," त्या म्हणाल्या, "भिंतीला भोकं दिसतील." त्यानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एकेक स्क्रू काढून खिशात टाकला आणि बांबू खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरला.

हॉटेलला मी फोन केला होता. ती जागा कधीच भरली होती.

त्या हिवाळ्यात जत्रेला देवळाच्या पायऱ्यांवर बाई समोर आल्या. सवयीनं मी पायांशी वाकायला गेले आणि अर्ध्यातच थांबले. "पर्वरीला फ्लॅट घेतलाय," त्या म्हणाल्या, "वास्तुशांतीला ये. अजून रागावलेलीच आहेस?"

"राग नाही, बाई," मी म्हटलं. "पण येणार नाही."

राग होता. अजून आहे.

पुढं मी स्कूटरवरून घरोघरी जाऊ लागले. जमतील तेवढी माणसं घेतली. पैसे कमी, उन्हातान्हाची वणवण जास्त, पण एखादं बोट हललं की अजूनही तितकाच आनंद होतो. तो काही बाईंनी दिलेला नव्हता, त्यामुळे त्यांना नेता आला नाही.

पदर घेणाऱ्या आजींचा मुलगा कोरगावला असतो. एक दिवस त्यानं घरची ओसरी देऊ केली. म्हणाला, "आमचो सोपो मोठो आसा. सगळ्यांका हयसरच हाड. भाडां नको." दुसरी कुणी असती तर तिनं हात जोडले असते. माझ्या तोंडून निघालं, "घर कोणाच्या नावावर आहे? भाऊ किती तुम्ही?"

त्याचा चेहरा उतरला. "बाये, आमची आये तुझ्यामुळां उठान बसली," तो म्हणाला. "तुका आमी कित्याक फसवतलो?"

मला लाज वाटली. मी माफी मागितली, आणि पुढच्या सोमवारी तिथं काम सुरू केलं. चांगलं चाललंय. तेरेखोलचे आजोबाही येतात, आता साखर आपणच घालून घेतात. तरी सकाळी त्या घराकडे स्कूटर वळवताना माझी नजर आधी दाराच्या कडीकडे जाते. कुलूप नाही हे दिसेपर्यंत श्वास सुटत नाही.