पाकिटातलं नाव

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी वीणा पाटणकर पेनात शाई भरत होती. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात सहीसाठी वेगळी शाई असते. ती निळी उमटते आणि काही दिवसांत काळी पडते, मग जात नाही. गुरुवार, २४ डिसेंबर २००९. रात्रभर बर्फ पडला होता, अजून पडत होता. बस बंद होत्या. पाच जणांपैकी दोघीच कामावर पोचल्या होत्या आणि दुसरी जन्माच्या नोंदी करत होती. दुपारी बाराला दार बंद होणार होतं, ते मंगळवारी उघडणार होतं.

वीणा सेहेचाळीस वर्षांची. जन्म याच शहरातला. एकोणीस वर्षं ती मृत्यूच्या नोंदी करते आहे. तिच्या टेबलावर टिश्यूचा खोका समोरच्या खुर्चीच्या बाजूला असतो. ती तो कधी पुढे सरकवत नाही. ज्याला हवा तो घेतो.

साडेनऊला आलेले गृहस्थ दोन मैल चालत आले होते. बुटांवर त्यांनी प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. शशिधर खांबेटे, वय शहात्तर, मोटारीच्या कारखान्यातले निवृत्त ड्राफ्ट्समन. बायको मंगळवारी पहाटे घरीच गेली. तिचं दहन आज अडीचला ठरलं होतं, सुट्टीआधीचं शेवटचं. त्यासाठी इथला हिरवा फॉर्म लागतो. तो नाही मिळाला तर बाई आणखी पाच दिवस अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या अंडरटेकरच्या शीतगृहात.

दारावरची तिच्या नावाची पाटी वाचून त्यांनी मराठीतच सुरुवात केली. "मुलगी स्टॅनमोरहून निघाली आहे, मीनल. मोटरवेवर अडकली. घरात परवापासून चूल पेटलेली नाही. ही आज गेली की पेटवीन म्हणतो."

डॉक्टरांचा दाखला बंद पाकिटात देतात. वीणाने पाकीट फोडलं, वाचलं, पुन्हा वाचलं.

"काका, माझं मराठी वाईट आहे. पण हा दाखला चुकीची आहे."

"चुकीचा."

"चुकीचा. इथे तुमचं नाव आहे. ह्या कागदाप्रमाणे तुम्ही वारलात."

त्यांनी कागद हातात घेतला. "मग माहिती द्यायला कोण आलंय?"

वीणाने सर्जरीत, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यात, फोन लावला. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. दाखला लिहिला होता त्यांच्या जागी तात्पुरत्या आलेल्या डॉ. फ्रेझर यांनी. त्यांनी कॉम्प्युटर उघडून वाचून दाखवलं: एम. शशिधर खांबेटे. एम. म्हणजे काय हे त्यांना कळलं नव्हतं. पुढचं नाव पूर्ण होतं, ते त्यांनी उतरवलं. नवा दाखला लिहिणं त्यांच्याच हातात होतं, आणि तो इथे मूळ प्रतीतच लागत होता. फॅक्स चालत नाही.

"सर्जरीत नाव नोंदवायचा फॉर्म मी भरला होता," खांबेटे म्हणाले. "एकोणसत्तर साली. जागा लहान होती. मी हिचं एवढं एकच अक्षर घातलं आणि माझं सगळं लिहिलं."

वीणाने फोन खाली ठेवला.

"मी जातो सर्जरीत," ते म्हणाले.

"दोन मैल परत, मग पुन्हा इकडे? बारा वाजून जातील. पडलात तर माझं काम वाढेल. डॉक्टर स्वतः घेऊन येतायत. बसा."

ते हसले, पण आवाज नाही आला. दहाच्या सुमाराला मीनलचा फोन आला. गाडी तिथेच होती. अकराला दुसऱ्या एका कुटुंबाची नोंद झाली. खांबेटे बाकावर बसून राहिले. पिशव्या त्यांनी सोडल्या नव्हत्या.

अकरा चाळीसला डॉ. फ्रेझर आल्या. तिशीच्या आतल्या, पायात गमबूट, केसांत बर्फ. बारा पेशंट तपासून त्या चालत निघाल्या होत्या. नवा दाखला होता, आणि दहनासाठी लागणारे दोघा डॉक्टरांचे फॉर्मही नव्या नावाने करून आणले होते. त्यांनी माफी मागितली. खांबेटे उठून उभे राहिले. "माझ्या अक्षराची चूक," ते इंग्रजीत म्हणाले, आणि त्या जाईपर्यंत बसले नाहीत.

मग नोंद. पूर्ण नाव? मीनाक्षी शशिधर खांबेटे. माहेरचं आडनाव? पेंढारकर. जन्मस्थान? मिरज. व्यवसाय?

"गृहिणी लिहा."

"बाहेर काहीच काम नाही केलं?"

"शाळेच्या स्वयंपाकघरात होती. बावीस वर्षं."

"मग ते आधी येतं."

वीणाने तसं लिहिलं. 'शाळेतील स्वयंपाकी, निवृत्त. शशिधर खांबेटे यांची पत्नी.' बारा वाजून गेले होते. सहकारी दार लावून गेली.

"इथे तुमचं सही."

"तुमची."

"तुमची सही. सावकाश, शाई ओली असते."

हिरवा फॉर्म त्यांच्या हातात पडला तेव्हा बारा वाजून अकरा मिनिटं झाली होती. सव्वाबाराला अंडरटेकरचा फोन आला. दाहिनीकडे जाणारा चढ पोलिसांनी बंद केला होता. शववाहिनी वर जाऊ शकत नव्हती. पुढची वेळ मंगळवारी साडेदहाची.

वीणाने जे ऐकलं ते तसंच सांगितलं. त्यांनी फॉर्मची घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

"पाच दिवस," ते म्हणाले.

"हो."

थँक यू हा शब्द त्या खोलीत दिवसाला वीसेक वेळा ऐकू येतो. दार उघडताना, पेन परत देताना. त्यांनी तो वापरला नाही.

"ती पोरगी एवढ्यातून चालत आली. तू दार लावून गेली नाहीस," ते म्हणाले. "ही बावीस वर्षं सहाला उठून बस पकडायची, बर्फ असला तरी. मी कधी बघायलाही उठलो नाही. तुम्हा दोघींचे उपकार लक्षात आले, तसे तिचेही आले. उशीर झाला."

टिश्यू त्यांनी घेतला नाही. वीणाने आपल्या गाडीत त्यांना घरापर्यंत सोडलं. दोन मैलांना पन्नास मिनिटं लागली.

उद्या नाताळ, कार्यालय बंद. तातडीच्या नोंदीसाठी ड्यूटीचा फोन सकाळी नऊ ते अकरा चालू असतो आणि यंदा तो वीणाकडे आहे. ज्यांच्यात लगेच दफन करावं लागतं त्यांच्यासाठी त्या फोनवर दफनाचाच फॉर्म मिळतो. दहनाचा मिळत नाही, कारण दाहिनीही मंगळवारपर्यंत बंद असते.