आजच्या मिनिट्सचं काय?

"आधी मागच्या मीटिंगचे मिनिट्स," असं म्हणत काका चष्मा कपाळावर सरकवायचे, आणि समोरच्याच्या खांद्यावर कितीही तारे असोत, तो गप्प बसायचा.

कतारमधल्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधीची वर्षं. बंदोबस्तासाठी मित्रदेश सैनिक, बोटी, बॉम्ब हुंगणारी कुत्री देऊ करत होते. त्यातलं काय घ्यावं, हे सुचवणारी एक सरकारी समिती दोह्यात होती. नाशिकचे काका तिचे क्लार्क. मी कॉम्प्युटरवाला, म्हणजे प्रोजेक्टर बंद पडला की सगळे ज्याच्याकडे बघतात, तो.

एकदा कुत्र्यांवरच दोन तास गेले. कुत्री फुकट, पण उन्हाळ्यात त्यांना एसी कोण देणार? काकांनी लिहिलं, 'चर्चा झाली.'

"काका, एवढंच?"

"अरे, भांडण झालं असं लिहिलं, तर त्यावर पुन्हा भांडतील."

नोव्हेंबरात अध्यक्षांनी जाहीर केलं, अहवाल तयार आहे, पुढची मीटिंग शेवटची, मग खलास. काका पँट्रीत येऊन बसले. समिती गेली की त्यांचा व्हिसा जाणार, आणि दोह्यातच शिकणाऱ्या लेकीची बारावीची परीक्षा मार्चमध्ये.

"ऐन वर्षात पोरीला कुठल्या शाळेत घालू?"

मी धीर दिला. म्हणजे "होईल काहीतरी" म्हणालो आणि त्यांचंच बिस्कीट खाल्लं.

शेवटच्या मीटिंगमध्ये अध्यक्ष उठणार, तोच चष्मा कपाळावर गेला. "सर, आजचे मिनिट्स कोण मंजूर करणार?"

नियमच तसा होता. मंजुरी पुढच्या मीटिंगमध्ये. म्हणून महिन्याने पुन्हा सगळे जमले, खजूर खाल्ले, मिनिट्स मंजूर केले. आता या मीटिंगचे मिनिट्स? पुन्हा पुढचा महिना. अशा चार मीटिंगा झाल्या. विषय एकच, खजूर मात्र दर वेळी वेगळे.

लेकीचा शेवटचा पेपर झाला आणि काकांनी कागद पुढे केला : 'आजचे मिनिट्स आजच वाचून मंजूर करावेत.'

अध्यक्षांनी सही केली. "हे आधीही करता आलं असतं ना?"

"हो, सर."

"मुलीचे पेपर कसे गेले?"

काकांनी चष्मा डोळ्यांवरून काढला आणि बराच वेळ पुसला. मी प्रोजेक्टरकडे बघत राहिलो. तो त्या दिवशी नीट चालू होता.

पंधरा दिवसांत काका नाशिकला गेले. त्या मिनिट्सची एक प्रत माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. अध्यक्षांच्या मुलीच्या पेपरांबद्दलच्या प्रश्नापुढे काकांच्या अक्षरात एवढंच आहे : 'चर्चा झाली.'