वेरोनिकाचा ईस्टर

हॉटेलच्या लाँड्रीत मशीन सुरू असताना शेजारच्याचंही ऐकू येत नाही. सांगायचं ते साठत जातं आणि मशीन थांबलं की सगळे एकदम बोलायला लागतात. बहारीनच्या मनामातल्या आमच्या लाँड्रीत मी आणि जोसेफदादा, दोघेही वसईचे ख्रिस्ती. तिसरी वेरोनिका. तिच्याबद्दलचं इतकं साठलंय, की आता मशीन थांबायचीही वाट बघवत नाही.

* * *

ती रुजू झाली त्या दिवशी स्टाफच्या यादीत तिचा देश 'मालदीव' लिहिला होता. जोसेफदादा खूश! त्याने लगेच चौकशी केली, तुमच्याकडे बांगडा केवढा मोठा मिळतो?

"मालदीव नाही, मोल्डोवा," ती म्हणाली. "समुद्र मफी." मफी म्हणजे नाही, इथली कामचलाऊ अरबी.

मग तिने लाँड्रीच्या टॅगमागे नकाशा काढला. एका बाजूला रुमानिया, बाकी सगळीकडून युक्रेन, आणि खाली डॅन्यूब नदीचा इवलासा काठ. दादाने तो टॅग उलटसुलट करून पाहिला.

"मग शुक्रवारी मटण वर्ज्य, तर खाता काय?"

* * *

तिची आई गावात एकटी. वेरोनिका ही एकुलती एक मुलगी. म्हातारी जन्मली तेव्हा तिथे सोव्हिएत राज्य होतं, आता वेगळा देश आहे. ती मात्र त्याच घरात. राज्य गेलं तशी लिपीही गेली, भाषा तीच राहिली. म्हातारी तेव्हाही जुन्या रशियन अक्षरांत लिहायची आणि गावातल्या पोरांना ते वाचता यायचं नाही.

हे ऐकून मला हसू आलं आणि लगेच गेलंही. माझी आई वसईहून नातीला मराठीत मेसेज पाठवते. तो मी वाचून दाखवतो. मुलगी म्हणते, "ओके डॅडी, टेल हर लव्ह यू."

* * *

घरची वाइन म्हटलं की वसईकराचे कान टवकारतात. वेरोनिकाच्या गावात घराघराखाली तळघर आणि त्यात स्वतःच्या द्राक्षांची वाइन. तरुण मंडळी सगळी इटलीत, जर्मनीत. त्यांच्या पैशांवर बांधलेल्या नव्या घरांना कुलपं. तरी म्हातारी दरवर्षी पिंप भरायची. पिणार कोण, असं दादाने विचारलं.

"मी घरी गेले की पिऊ," वेरोनिका म्हणाली.

* * *

दोन वर्षांनी तिची सुट्टी आली. तिला ईस्टरलाच जायचं होतं, कारण गाव तेव्हाच भरतं. फॉर्म मी भरला. माझं इंग्रजी बरं, म्हणून अगदी तोऱ्यात! तारीख टाकली आमच्या चर्चच्या कॅलेंडरमधली. ती ऑर्थोडॉक्स पंथाची, त्यांचं कॅलेंडर वेगळं. तिचा ईस्टर त्यानंतर आठवड्याने.

तिने तारखा बदलून मागितल्या. जुनी सुट्टी कॅन्सल झाली आणि नवी मिळाली नाही, रोस्टर भरला होता. सुपरवायझर म्हणाला, "नेक्स्ट इयर, इंशाल्ला."

ती मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मला ते अजून लागतं.

* * *

त्याच वर्षी जुलैत तिची आई गेली. इथून थेट विमान नाही. दोनदा बदलून ती पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं. म्हणून शेजारणीने तिकडून व्हिडिओ कॉल लावला. आम्ही मशीन बंद केलं आणि वेरोनिकाने फोन इस्त्रीच्या टेबलावर उभा केला.

अंगणात शवपेटी, भोवती डोक्याला रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या. पाद्रींची प्रार्थना संपली, तरी कोणी हलेना. काय झालं, मी हळूच विचारलं.

"पेटीला चार माणसं लागतात," वेरोनिका म्हणाली. "गावात तीनच पुरुष आहेत."

जोसेफदादाने हातातली चादर खाली ठेवली. युनिफॉर्मचं वरचं बटण लावलं आणि तो फोनसमोर जाऊन उभा राहिला.

"चौथा मी," तो मराठीतच म्हणाला.

वेरोनिकाने ते तिच्या भाषेत फोनमध्ये सांगितलं. तिकडे तिघांनी पेटी उचलली.