गप्प राहायला शिकलेली मास्तरीण

उपासना मेश्रामला जपानात जाऊन इंग्रजी शिकवायचं होतं. तिची रूममेट अपर्णा पुण्याची, एका बँकेसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी. तिला हे ऐकून आधी हसू आलं, मग काळजी वाटायला लागली.

"नागपूरची मुलगी अमेरिकेत येऊन मास्टर्स करते आणि इंग्रजी शिकवायला जपानला जाते. यार, नकाशावर बोट ठेवून बघ एकदा. सरळ रस्ता कुठे आहे यात?"

"तुला दिसतोय का सरळ रस्ता? मग सांग."

"डेटा अ‍ॅनालिटिक्स. छोटा कोर्स कर. जॉब लागेल."

"आणि शिकवणं?"

"वीकएंडला शिकव ना. कोण अडवतंय?"

उपासनाने कुकरखालचा गॅस बंद केला. तिच्याकडून विषयही तिथेच बंद झाला.

अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावच्या मोठ्या विद्यापीठातून तिने परभाषा म्हणून इंग्रजी कसं शिकवावं याचं शिक्षण घेतलं होतं. शिक्षणानंतर इथे राहून काम करायची परवानगी हिवाळा सरेपर्यंत होती. त्याआधी काही जमलं नाही तर बॅग भरायची. दोन शाळांना ती आवडली होती, पण व्हिसाची कागदपत्रं करायची म्हटल्यावर दोन्ही शाळा गोड बोलून बाजूला झाल्या. नागपूरहून बाबांचा फोन यायचा.

"जय भीम बाबा."

"जय भीम. काऊन गं, आवाज उतरला तुझा? हे बघ, इकडे कॉन्व्हेंटमध्ये जागा आहे. मुख्याध्यापक आपल्या ओळखीतले आहेत. ये परत."

"ओळखीने नको बाबा."

"मग कशाने पाहिजे?"

"कामाने."

बाबांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य घातलं होतं. या उत्तरावर ते फोन आईकडे देत.

जपानचं वेड तिच्या डोक्यात आजचं नव्हतं. लहानपणी नागपूरजवळच्या कामठीच्या बुद्धविहारात जपानी पाहुणे यायचे. एकदा एक म्हातारी पाहुणी आणि उपासनाची आजी जेवणाच्या पंगतीत शेजारी बसल्या. दोघींना एकमेकींशी बोलायचं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. दोघींना चार-चार शब्द इंग्रजी येत असणार, पण एकीचेही ओठ हलले नाहीत. जेवण संपलं, हात जोडले, गेल्या. पोरीला ते खटकलं ते खटकलंच. चार शब्द येत असून माणूस मुका का राहतो, हे शोधायचं तिने ठरवलं, आणि पुढचं सगळं शिक्षण त्या एका प्रश्नामागे गेलं.

आता प्रत्यक्षात काम शोधायला बसल्यावर पहिलीच ओळ आडवी यायची. बऱ्याच जाहिरातींत पासपोर्ट कोणत्या देशाचा हवा तेच आधी लिहिलेलं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया. भारत कुठेच नाही. काही जण फोटो मागायचे आणि फोटो पाठवला की उत्तर यायचं बंद व्हायचं. एकाने विचारलं, तुमचं बारावीपर्यंतचं शिक्षण इंग्रजीतून झालंय का? तिने खरं लिहिलं, सातवीपर्यंत मराठीतून. तिथेही दार लागलं.

अपर्णा म्हणाली, "कशाला लिहिलंस? कोण बघायला जातंय?"

"मी बघतेय ना."

उपासनाचा अर्ज लिहायचा एक नियम होता. एका शाळेचा अर्ज दुसऱ्या शाळेला पाठवायचा नाही. शाळा कुठे आहे, तिथे कोण शिकायला येतं, आधीचे शिक्षक किती टिकले, हे सगळं वाचायचं आणि मग कोऱ्या पानापासून सुरुवात करायची. अपर्णाला ही मेहनत फुकट वाटायची. पण शेवटी याच मेहनतीने एक दार किलकिलं झालं.

उत्तर जपानातल्या एका लहान गावात ओगावा नावाच्या बाई स्वतःची इंग्रजीची शाळा चालवत होत्या. शिकायला येणारे बहुतेक मोठी माणसं, कुणी दुकानदार, कुणी नर्स, कुणी निवृत्त. जाहिरातीत पासपोर्टचा उल्लेख नव्हता. ओगावा बाईंनी उपासनाला व्हिडिओवर नमुना धडा घ्यायला बोलावलं. इथली रविवारची संध्याकाळ म्हणजे तिथली सोमवारची सकाळ. विद्यार्थिनी म्हणून ओगावा बाई स्वतः बसणार होत्या.

उपासनाने जीव ओतून तयारी केली. विषय होता, औषधाच्या दुकानात काय बोलायचं. चित्रं काढली, वाक्यं मोठ्या अक्षरात लिहिली, प्रत्येक वाक्य तीन-तीन तऱ्हांनी समजावलं. मध्ये मध्ये विचारत होती, समजलं का? ओगावा बाई मान हलवत होत्या. यस, यस. धडा वेळेत संपला, कुठे अडखळला नाही. लॅपटॉप मिटून उपासना खुर्चीत मागे रेलली. घसा सुकला होता. तिला वाटलं, झालं आपलं काम.

उत्तर आलं ते नकाराचं. "तुमचा धडा ऐकायला फार छान होता. आमच्या शाळेसाठी तो योग्य नाही."

"छान होता तर योग्य का नाही?" उपासनाने फोन अपर्णासमोर धरला.

"अगं, पोलाइटली कटवलंय. ब्राऊन टीचर नको असेल."

उपासनालाही दोन दिवस तसंच वाटलं. आधीच्या अनुभवांनी तसं वाटायला जागा करून ठेवलीच होती. पण अर्जाच्या वेळीच फोटो पाठवला होता आणि त्यानंतरच बाईंनी बोलावलं होतं. म्हणजे कारण दुसरं होतं, आणि ते तिला दिसत नव्हतं.

ते दिसलं वीणाकाकूंमुळे.

परवानगी टिकवायची तर आपल्या विषयातलं काहीतरी काम, बिनपगारी का होईना, करत राहावं लागे; म्हणून उपासना लायब्ररीच्या खोलीत बिनपगारी वर्ग घेत होती. मुलांकडे सहा महिने राहायला आलेले आईवडील तिथे यायचे. वीणाकाकू सोलापूरच्या, पहिल्या बाकावर बसणाऱ्या, सगळ्यात हुशार. कधीही विचारा, "हो, समजलं!" म्हणून मोकळ्या. औषधाच्या दुकानाचा तोच धडा उपासनाने आधी या वर्गात घेतला होता. काकूंनी मान डोलावून डोलावून दाद दिली होती.

त्या आठवड्यात काकू एकट्या बीपीच्या गोळ्या आणायला गेल्या. मुलाने डॉक्टरांची चिठ्ठी दुकानाकडे आधीच पाठवून ठेवली होती, फक्त नाव आणि जन्मतारीख सांगायची होती. काउंटरवरच्या माणसाने जन्मतारीख विचारली. काकू म्हणाल्या, "यस." त्याने पुन्हा विचारलं. काकू हसून म्हणाल्या, "यस, यस." मागे रांग वाढली तशा काकू "थँक्यू" म्हणून रिकाम्या हाताने घरी आल्या.

वर्गात त्यांनी ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली. सगळे हसले. उपासना हसली नाही.

"काकू, आपण हाच धडा केला होता ना? तुम्ही समजलं म्हणालात."

"म्हणाले खरं."

"मग समजलं नव्हतं?"

काकू पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, तू एवढा घसा कोरडा करून शिकवतेस. तुझ्या तोंडावर नाही म्हणायचं? बरं दिसतं का ते? शिकवणाऱ्याचा मान असतो की नाही?"

मागून एक काका म्हणाले, "मी तर पहिल्या दिवसापासून हो म्हणतोय. मला वाटलं, तसंच म्हणायचं असतं."

आता खोलीत आणखी मोठा हशा झाला. उपासनाला मात्र ओगावा बाईंची हलणारी मान दिसत होती. तिने मनातल्या मनात तो धडा पुन्हा पाहिला. बाई किती वाक्यं बोलल्या होत्या? यस, आणि थँक्यू. संपूर्ण धडाभर उपासनाच बोलत होती. तिने इंग्रजी शिकवलं नव्हतं, इंग्रजी ऐकवलं होतं. आणि समोरची माणसं, सोलापूरची काय किंवा जपानची काय, शिक्षकाचा मान राखून हो म्हणत होती.

चूक कळली, पण कळणं वेगळं आणि सुटणं वेगळं. नागपूरला विहारातल्या शिकवणीत ती कॉलेजपासून शिकवत आली होती. खड्या आवाजात सांगायचं, पोरांनी एका सुरात म्हणायचं. ही सवय हाडात गेली होती. पुढच्या वर्गात तिने ठरवून प्रश्न विचारला आणि थांबली. काकू अडल्या. उपासनाच्या तोंडून उत्तर निघून गेलं. पुन्हा थांबली, पुन्हा निघून गेलं. मदत करायची इतकी घाई की समोरच्याला श्वास घ्यायला वेळ नाही.

तेव्हा तिने पाण्याची बाटली आणली. प्रश्न विचारायचा, पाण्याचा घोट तोंडात घ्यायचा आणि समोरचा बोलेपर्यंत गिळायचा नाही.

"आज काय मास्तरीणबाई गुळणी धरून बसल्यात," काकू म्हणाल्या.

गाल फुगवलेल्या उपासनाने नुसता हात केला, बोला. काकू बोलेनात. घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. एका काकांना खोकला आला. उपासनाच्या डोळ्यांत पाणी यायची वेळ आली, तेवढ्यात काकू एकदम चिडून म्हणाल्या, "माय बर्थडे... टेन्थ जून! नाइन्टीन फिफ्टी सिक्स! घे, गीळ आता एकदाचं!"

तो महिना तसाच गेला. समजलं का, हा प्रश्न तिने वर्गातून हद्दपार केला. त्याऐवजी ती खुर्ची काउंटरसारखी मांडायची, स्वतः पलीकडे उभी राहायची आणि म्हणायची, घ्या औषध. कधी चांगलं जमायचं, कधी अर्धा तास वाया जायचा. दुसऱ्या एक काकू रागावून यायच्याच बंद झाल्या. त्यांच्या मते पैसे घेत नाही म्हणून ही पोरगी शिकवतही नाही. उपासना त्यांच्या घरी जाऊन आली. त्या परत आल्या नाहीत.

मग तिने ओगावा बाईंना लिहिलं. माझा धडा का चुकला ते मला कळलं आहे, पुन्हा एक संधी द्या. बाईंचं उत्तर सभ्य होतं. आम्ही दुसरी संधी देत नाही.

अपर्णा म्हणाली, "झालं ना आता? सोड."

"त्यांनी नियम सांगितला. मी काय शिकले ते त्यांनी अजून पाहिलं कुठे?"

"अगं, परवानगी संपत आलीय तुझी. दुसरीकडे अप्लाय कर."

"तेही करतेय."

वर्गातल्या सगळ्यांना विचारून तिने एका दिवसाचं चित्रण केलं आणि कापाकापी न करता पाठवलं. त्यात काकू अडलेल्या होत्या, काका चुकलेले होते, मोठमोठ्या शांतता होत्या. स्वतः उपासना त्यात जवळपास बोललीच नव्हती. खाली दोन ओळी लिहिल्या: मला अजून पूर्ण जमत नाही. रोज करते आहे.

बरेच दिवस काही आलं नाही. मग एक ओळ आली. सोमवारी सकाळी माझे दोन विद्यार्थी असतील.

त्या संध्याकाळी अपर्णाने स्वतःहून टीव्ही बंद केला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. जाताना म्हणाली, "ऑल द बेस्ट. आणि प्लीज, बोलू नकोस."

पडद्यावर एक नर्स होती आणि तिच्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ, सातो नावाचे, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेले. ओगावा बाई बाजूला बसल्या होत्या. उपासनाने एक चित्र दाखवलं. स्टेशनवर बॅग घेऊन उभी असलेली अनोळखी बाई. "तिला काय विचाराल?" एवढंच म्हणून ती थांबली.

नर्स बोलली, अडखळत पण बोलली. मग सातोंची पाळी. त्यांनी चित्राकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, गप्प राहिले. उपासनाने टेबलाखाली मुठी आवळल्या. शांतता लांबत गेली. सातोंचे कान लाल झाले. ओगावा बाईंना ते बघवेना. त्या पुढे झुकल्या आणि सातोंना काहीतरी सुचवायला त्यांनी तोंड उघडलं.

उपासनाने तळहात वर केला. थांबा.

हात वर गेल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण कुणाला थांबवलं. ज्या बाईच्या हातात नोकरी आहे तिला. पण आता हात खाली घेणं म्हणजे सातोंच्या तोंडातलं वाक्य काढून घेणं. तिने हात तसाच ठेवला. ओगावा बाई मागे टेकल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

सातोंनी गळ्याजवळचं बटण सोडलं.

"यू... कम फ्रॉम व्हेअर?"

उपासनाने वाक्य सुधारलं नाही. चित्रातल्या बाईच्या वतीने ती म्हणाली, "इंडिया."

सातो थोडे पुढे सरकले. "कोल्ड हिअर. यू... ओके?"

"आय डोन्ट नो येट."

नर्स हसली. सातो हसले नाहीत. ते आता चित्र सोडून सरळ उपासनाकडे बघत होते. ओठांवर वाक्य जुळवत होते, मोडत होते, पुन्हा जुळवत होते. कुणीही त्यांना मदत केली नाही.

"यू," सातो म्हणाले, "यू कम... अवर स्कूल? टीचर?"

उपासनाने ओगावा बाईंकडे पाहिलं. सातोंनी पाहिलं. नर्सनेही पाहिलं. तिघंही थांबले.

ओगावा बाई समोरच्या कपातला चहा प्यायल्या. मग सातोंना ऐकू जाईल अशा बेताने, सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, "व्हिसाचे कागद मी करीन. ते मंजूर होतील असं वचन देता येत नाही. आमच्याकडे बर्फ छपरापर्यंत येतो, आधीचे शिक्षक पहिल्याच थंडीत निघून गेले. वर्ग एप्रिलमध्ये सुरू होतो." त्या थांबल्या. "याल?"

"येईन," उपासना म्हणाली. "कागद आजच पाठवते."