डाव्या हाताने फिरलं पाहिजे

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका बोटीचं स्टेअरिंग. दुसरं काही चांगलं असतं तर तेच सांगितलं असतं. पण नाही. तलावाच्या काठावर ट्रॉलीवर चढवलेली जुनी बोट, मी मागे फळ्या उचलून आत मान घातलेला, आणि माझी बायको पुढे ड्रायव्हरच्या सीटवर, पदर खोचून, स्टेअरिंग धरून.

पायाला फळ्या बांधून पाण्यावर घसरणारी हौशी पोरं असतात, त्यांना दोरीने ओढणारी ती बोट. तलावाच्या ठेकेदाराने कुठून तरी जुनी उचलून आणली होती. स्टेअरिंग गच्च बसलेलं. अशा बोटीत स्टेअरिंगपासून मागच्या सुकाणूपर्यंत एक लांब केबल जाते. तिच्यात पाणी शिरलं की आतली तार गंजते, आणि एखाद दिवशी भर वेगात तुटते. ठेकेदार म्हणे, "काका, ग्रीस मार दो, चल जायेगा."

मी म्हटलं, "मंग तुह्या पोराले बसव दोरीले. मारतो ग्रीस."

तेव्हा कुठे त्याने नवी केबल आणून दिली.

मी चौथीपर्यंत शिकलो. उभी जिंदगी वाडीला ट्रकच्या गॅरेजात गेली. ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात, एक गाडीखाली, एक पेडलवर. माझं पेडलवरचं माणूस तीच. "दाब." "दाबलं." "सोड." "सोडलं." नवरा-बायको म्हणून याहून जास्त काय बोललो, आठवत नाही. आणि स्टेअरिंगचा माझा एकच नियम होता. तिच्या डाव्या हाताने ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं पाहिजे. एकट्या डाव्या हाताने. फिरलं तर काम पास. बाकीचे मिस्त्री हसायचे. हसू दे. तिचा हात एकदाही चुकला नव्हता.

नवी केबल टाकली, नट आवळले आणि मागून ओरडलो, "फिरव वं."

"जड जाऊन राहिलं."

"नवी केबल हाये, जड कायचं?"

"मले काय विचारता? तुमच्या केबलले विचारा."

मला हसू आलं. मग शिव्या सुरू केल्या. केबल विकणाऱ्या दुकानदाराला दिल्या, ठेकेदाराला दिल्या, त्या भंगार बोटीला दिल्या. तिला एक शब्द बोललो नाही. तीच माझी चूक. 'तुह्या हातात जोर नाही राहिला' असं म्हटलं असतं तर ती भांडायला उठली असती, आणि भांडता भांडता हात दुखतो हे तोंडातून निघालं असतं. मी तिच्या हातावर भरोसा ठेवला आणि बोटीवर संशय घेतला.

सगळं पुन्हा खोललं. केबल पूर्ण बाहेर ओढली. सुकाणूचा दांडा मोकळा करून हलवून पाहिला. कुठे अडकत नव्हतं, कुठे वाकलेलं नव्हतं. काहीच सापडलं नाही. तीच केबल त्याच रस्त्याने परत टाकली. तेवढ्या वेळात ती लिंबाखाली बसून डावा खांदा दाबत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाही. भरून आला."

मी पाना मागितला. तिने उठून आणून दिला.

"फिरव आता."

तिने फिरवलं. म्हणाली, "आता बरं हाये. चला घरी."

उजव्या हाताने फिरवलं होतं. मी पाहिलं होतं. ऊन चढलं होतं, पोटात कावळे ओरडत होते, मी बोललो नाही. चाळीस वर्षांत कोण्या ट्रकला मी असं सोडलं नाही.

संध्याकाळी चहाचा कप तिच्या हातातून सुटला. दवाखान्यात पोचलो तोवर ती गेली होती. डॉक्टर कोवळा पोरगा. त्याने विचारलं, "आजोबा, यांचा डावा हात आज दुखत होता का?"

मी म्हणालो, "स्टेअरिंग जड होतं, साहेब."

त्याने नर्सकडे पाहिलं. म्हातारा बहकला असं त्याला वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी घाटावर नेलं. घरी आलेल्या बाया म्हणत होत्या, नशिबाची होती, सवाष्ण गेली, हाल नाही झाले. नशिबाची! त्यातल्या एकीला मी सांगितलं, "तू जाऊन पाह्य मंग." मग कोणी माझ्याजवळ बसलं नाही. बरं झालं. तिच्यावरही राग आला होता, अजून आहे. 'आता बरं हाये' काहून म्हटलं तिने? मला खोटं सांगायला तिला तोच दिवस सापडला.

त्यानंतरच्या सकाळी मी पान्यांची पिशवी घेतली. कुहीहून आलेला तिचा भाऊ दारात आडवा झाला.

"सुतकात कुठी निंगाले, भाऊजी?"

"बोट पाहाले."

"डोस्कं फिरलं का तुमचं?"

"हो. सरक."

बोट ट्रॉलीवर तशीच होती. मी केबल तिसऱ्यांदा खोलली. मला तिच्यात खोट पाहिजे होती. एक गंजाचा ठिपका, एक मोड, काहीही. केबल गवतावर सरळ पसरली, आतली तार ओढली, ढकलली. सुळकन गेली, सुळकन आली. दहा वेळा केलं. मग नीट परत बसवली, कारण दोरीला कोणाचं तरी लेकरू बांधलं जाणार. नट आवळला, पिन टाकली, पिनेचे पाय वाकवले. पुढे जाऊन तिच्या सीटवर बसलो आणि डाव्या हाताने फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ठेकेदार धावत आला. त्याला काही कळलेलं नव्हतं. "क्या काका, हो गई ठीक?"

मी खाली उतरलो, हात पुसले.

"ठीक हाये," मी म्हटलं. "पयलेपासूनच ठीक होती."