आबांनी टाकलेली पानं

आमच्या आबांना पान टाकता येत नसे. गणपतीत दुपारची जेवणं आटोपली की पडवीत चटई पडायची, मधे चिंचोक्यांचा ढीग आणि तीन पत्तीचा डाव. हातात दुर्री, पंजी, नव्वी असलं भंगार आलं तरी आबा चिंचोका पुढे सरकवायचेच. कुणी म्हटलं, "पॅक करा की आता," तर म्हणायचे, "टाकायला काय कचरा हाय? माझ्याकडं आलीत ती." तासाभरात त्यांच्या पुढ्यातले चिंचोके संपायचे. मग ते आईच्या ढिगात हात घालायचे आणि आई त्यांच्या हातावर चापट मारायची.

आई गेली त्याला आता तीन वर्षं झाली. मी बिरवाडीत खोली घेऊन राहते, कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते. आबा वाडीवर एकटे. पोलादपूर सोडून आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की थोडं वर आमची वाडी आहे. तसं अंतर फार नाही, पण रोज जाऊन येण्याइतकं जवळही नाही. शेजारची काकी त्यांना दोन वेळा भाकरी-कालवण देते. मी रोज संध्याकाळी सातला फोन करायचे. "जेवलात का?" "अजून नाय." "औषध घेतलं?" "घेतलं." "बरं मग." "बरं." एवढ्यात खेळ खलास. आई असताना तीच बोलायची, आम्ही दोघं नुसते ऐकायचो. ती गेल्यावर कळलं की आम्हा बापलेकीला एकमेकांशी बोलताच येत नाही.

पोकर मला लॅबमधल्या मैत्रिणीने शिकवला. रविवारी दुपारी माझ्या खोलीवर आम्ही चौघी-पाचजणी बसायचो, राजम्याचे दाणे लावून. प्रत्येकीला दोन पानं झाकून, मधे पाच पानं हळूहळू उघडायची, आणि जिची पानं सगळ्यात चांगली जुळतात तिने सगळे दाणे उचलायचे. सुरुवातीला मी दर रविवारी मार खायचे. माझ्या नाकावर राग. एक डाव हरले की पुढचे पाच रागाने खेळायचे आणि तेही घालवायचे. मैत्रीण म्हणाली, "तुला पत्ते हरवत नाहीत, तूच स्वतःला हरवतेस." ते मला झोंबलं. मग मी वही घातली. लॅबमध्ये नमुन्यांच्या नोंदी ठेवते तशी खेळणाऱ्यांची नोंद ठेवायला लागले. कोण पानं चांगली आली की पदर सारखा करतं, कोण पाणी पितं. फोनवर खेळायला लागले तेव्हा समोर चेहरेच नसायचे, तिथे मी वेळ टिपायचे. कोण झटकन दाणे लावतं, कोण विचार करत बसतं. ज्याला वेळ लागतो त्याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय, हे मी पक्कं धरून चालले होते.

आणि मग मला सुचलं की आबांनाही हे शिकवावं. त्यांच्या फोनमध्ये मी तो खेळ टाकून दिला. खोट्या चकत्यांचा, पैशाचा काही संबंध नाही. आपलं आपलं टेबल मांडता यायचं आणि खेळता खेळता बोलताही यायचं. वाडीवर रेंज फणसाखालच्या दगडावरच येते. आबा सातला त्या दगडावर जाऊन बसायचे, मी इकडे खोलीत चहा घेऊन. सुरुवातीला तर हसून पुरेवाट. आबा दर डावाला चकत्या लावायचे, दर डावाला हरायचे आणि वर मलाच म्हणायचे, "तू पत्ते लावून ठेवतेस गो." मधूनमधून बोलणं निघायचं. वरच्या वाडीत बिबट्याने कुत्रा नेला. काकीच्या मुलाने अंधेरीत खोली घेतली. आईला फणसाची भाजी कशी आवडायची. आईबद्दल आम्ही दोघं पहिल्यांदा बोललो ते त्या टेबलावर.

पण मी गप्प बसणारी नव्हे. मला शहाणपण शिकवायची भारी हौस. "आबा, दहातले सात हात टाकायचे असतात. टाकायला शिका. आणि घाई करू नका, वेळ घ्या, दुसऱ्याला कळता कामा नये." महिनाभर त्यांनी ऐकलं नाही. एकदा तर मी चिडून बोलले, "तुम्हाला शिकवण्यात काही अर्थच नाही. असंच खेळायचं असेल तर बंदच करूया." मग म्हणाले, "शिकतो गो. बंद नको करू."

आणि खरंच सुधारले. होळीनंतर आबा पानं टाकायला लागले. आधी थोडी, मग बरीच. वेळही घ्यायचे, अगदी पडद्यावरचं घड्याळ संपत येईपर्यंत, मग टाकायचे. डाव संपला की विचारायचे, "तुझ्याकडं काय होतं गो?" त्यांना शिकवायला मी माझी पानं त्यांच्या फोनवर उघडी करायचेच, तरी विचारायचे. मला वाटलं, अभ्यास करतायत. मी खूश. लॅबमध्ये सांगत सुटले की माझा बाप सत्तरीत पोकर शिकला. वहीत त्यांच्या नावाचं पान होतं, त्यावर लिहिलं: घाई सोडली, मोह सोडला, आता ओळखणं कठीण.

मे महिन्यात एकदा म्हणाले, "हल्ली अंधार लवकर पडतो." मी म्हटलं, "आबा, मे चालू आहे, सातला चांगला उजेड असतो." ते हसले. "इकडं डोंगर हाय ना," म्हणाले. मी पुढचा डाव सुरू केला.

गणपतीला मी घरी गेले. दुपारी पडवीत चटई पडली, चिंचोके आले, काकी आणि तिचे मुंबईचे लोक बसले. मी आबांच्या समोर मुद्दाम बसले. मला बघायचं होतं की फोनवर शिकलेलं ते समोरासमोर किती वापरतात. आबांनी तीन पानं उचलली आणि नाकाला लागतील इतकी जवळ नेली. मान तिरकी केली, पानं डाव्या डोळ्यासमोर धरली, परत फिरवली. मग खाली ठेवली. "पॅक." दुसऱ्या डावाला चिंचोका लावला तो ढिगात पडलाच नाही, चटईच्या कडेला माझ्या गुडघ्याजवळ पडला. त्यांना वाटलं ढिगात पडला.

मी हातातली पानं खाली ठेवली. काकी तिची पानं लावता लावता अगदी सहज म्हणाली, "दिसतंय कुठं त्यांना? मोतीबिंदू पिकतोय. माझापन पिकल्यावरच काढला."

"कधीपासून?"

"झाले की सहा-सात महिने. तुला सांगू नको म्हणाले. भात कापून झालं की काढू म्हणाले."

माझं डोकंच फिरलं. मी काकीला नको ते बोलले. आबांनाही बोलले, भरल्या घरात, गणपतीसमोर. आबा खाली मान घालून चटई चाचपत होते. तो चिंचोका शोधत होते बहुतेक.

गौरी-गणपती पाण्यात गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना महाडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थेंब घातले, डोळ्यांतला दाब मोजला, दिवे दाखवले. आबा सगळं शहाण्यासारखं करत होते, विचारलं त्याला हो, नाही म्हणत होते. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे, म्हणाले. आतल्या दाबाने नस सुकत जाते. उजव्या डोळ्याला आता नुसता उजेड कळतो. डाव्यात मधली थोडी नजर उरली आहे, ती औषधाने राखायची. गेलेली परत येत नाही. मी विचारलं, "सहा महिने आधी आणलं असतं तर?" डॉक्टर चांगले होते. कागदावर औषधं लिहीत म्हणाले, "आता तो विचार करू नका."

महाडच्या स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो. आबांच्या डोळ्यावर काळा चष्मा, हातात औषधांची पिशवी. मग म्हणाले, "म्हंजे तो पिकत नाय तर."

"नाही आबा, तो पिकत नाही."

"मी वाट बघत होतो पिकायची."

मी माती खाल्ली होती, आणि ती कुणाला सांगायचीही सोय नव्हती. सहा महिने रोज संध्याकाळी सातला मी माझ्या बापाची नजर जाताना बघत होते आणि त्याला शाबासकी देत होते. त्यांना पानं दिसत नव्हती म्हणून ते टाकत होते. टाकायचं बटन डाव्या कोपऱ्यात आहे, तेवढं बोटाला पाठ झालं होतं. घड्याळ संपेपर्यंत ते फोन तिरका करून, सरळ करून बघायचे, आणि नाहीच दिसलं तर टाकायचे. मी त्याला धोरण म्हणत होते. वहीत लिहून ठेवत होते. बाईच्या जातीला बापाचं दुखणं लांबून कळतं म्हणतात, मला ते कानाशी असून कळलं नाही.

तो खेळ मी फोनमधून काढून टाकला. रविवारच्या टेबलावर मात्र जाते, मैत्रिणी ओढून नेतात. परवा एकीला पानं बघायला जरा वेळ लागला. पूर्वी मी ताबडतोब हिशेब मांडला असता की हिच्याकडे एक्का असणार. आता माझ्या तोंडून निघून गेलं, "तुला नीट दिसतंय ना गं?" सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि उठून चहा ठेवायला आत गेले.

हल्ली शनिवारी अर्धा दिवस झाला की थेट वाडीवर जाते. थेंब मीच घालते. आठवडाभर काकी घालते, तिच्याशी मी बोलते आता, चूक तिची नव्हतीच. आबांना विचारायचं मात्र राहून जात होतं. दोन महिने मी ते तोंडात घोळवत होते. गेल्या शनिवारी दुपारी आम्ही पडवीत बसलो होतो, आबा शेंगा सोलत होते, बोटांनी चाचपून, आणि मी विचारलं.

"आबा, दिसत नव्हतं तर रोज दगडावर जाऊन बसायचात कशाला? मला का नाही सांगितलं?"

त्यांनी शेंग पुरी सोलली, दाणे ताटलीत टाकले.

"सांगितलं असतं तर तू खेळ बंद केला असतास."

"केला असता. डॉक्टरकडे नेलं असतं."

"ते झालं. पन सातला काय केलं असतंस? जेवलात का विचारायचं नि ठेवून द्यायचं." मग दुसरी शेंग उचलत म्हणाले, "खेळात तू तासभर बोलायचीस गो. तुझी आई बोलायची तशी."

मला तिथेच रडू आलं. आवाज केला नाही, पण आबांना कळलं. त्यांनी ताटली बाजूला सारली आणि पाय सरळ केले.

मी उठून कपाटातून पत्ते आणले, घरातलेच, कडा मऊ पडलेले. चिंचोक्यांचा डबाही आणला. दोन पानं त्यांना, दोन मला. त्यांनी पानं डाव्या डोळ्याजवळ धरली, उजेडाकडे वळवली, आणि मग माझ्यापुढे केली. "वाच."

"असं कसं आबा, मीच तुमच्याविरुद्ध खेळतेय."

"असूं दे. तू कुठं मला फसवणार हायस?"

मी त्यांच्या कानाशी जाऊन वाचलं. चौकटची सत्ती, किलवरची दुर्री. पोकरमध्ये याहून वाईट हात नाही. हा हात टाकायचा, हे मीच त्यांना पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

आबांनी वेळ घेतला. या खेपेला मी घड्याळ धरलं नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. मग त्यांनी डब्यात हात घातला, एक चिंचोका काढला आणि चाचपत चाचपत मधे ठेवला.

"नाय टाकत," म्हणाले.