गोदूबाईच्या नातवाचा फोटो

पोलादपूरची सेजल अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे कुणी उगाच तिची बाजू घ्यायला नको.

लग्नाच्या फोटोग्राफरमागे लाइट धरून तिनं दोन हंगाम काढले, एक जुना कॅमेरा घेतला आणि मोबाईलवरचे व्हिडिओ बघून ठरवलं, की आपण तान्ह्या बाळांचे फोटो काढायचे. महाड-पोलादपुरात हे कुणी करत नाही, म्हणजे आपणच पहिल्या! आता सराव कुणावर करणार? बाईसाहेब तांदळाची पिशवी दुपट्यात गुंडाळायच्या, परडीत निजवायच्या, खिडकीपाशी न्यायच्या आणि खटाखट फोटो काढायच्या. आई म्हणायची, "अगो, तांदूळ रडत नाय नि मुतत नाय. खरं पोर हातात आलं की कळंल." सेजल ते हसण्यावारी न्यायची.

खरं पोर हातात आलं ते वरंधला. कॉलेजातली मैत्रीण स्नेहल माहेरी बाळंत झाली होती. बारशाला मुंबईहून सासरची माणसं येणार, तेव्हा पाळण्याशेजारी बाळाचा मोठा फोटो हवा, ही स्नेहलची हौस. सेजलच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललेलं. हा फोटो झकास झाला तर तालुकाभर नाव होणार, फसला तर आहेच पुन्हा लग्नात लाइट धरणं. सगळी मदार त्या एवढ्याशा जिवावर.

स्नेहलच्या आईनं, गोदूबाईनं, पाचवी पुजल्याशिवाय तिला उंबरा ओलांडू दिला नाही. आणि आत गेल्यावर तरी काय? बाळ रडलं, प्यायलं, पांढऱ्या शालीवर शू करून मोकळं झालं, नि परत रडलं. शेवटी एकदाचं झोपलं, तर त्याच्या अंगावर जिकडेतिकडे काजळाच्या तिटा. कपाळावर, गालावर, हनुवटीवर, कानाखाली, तळपायाला. नजर लागायला जागाच ठेवली नव्हती म्हातारीनं. सेजलनं ओलं फडकं उचललं, तसा गोदूबाईनं तिचा हात धरला.

"पुसायचं नाय हां गो. एकपण नाय. त्याच्या अंगावर जे हाय ते तसंच ऱ्हाऊ दे."

"नाही पुसत, आजी."

"शब्द दे."

"दिला."

आणि पाळला हो तिनं शब्द. फडक्यापुरता. घरी येऊन कॉम्प्युटरवर बसली आणि एकेक तीट टिपून काढायला लागली. हातानं पुसायचं नाही म्हणाल्या, माऊसनं पुसू नको असं कुठं म्हणाल्या? अशी वकिली माणूस मनातल्या मनात करायला लागला, की समजावं, चोरी चालली आहे. काळं दिसलं की पूस, असं करता करता तिचा हात थांबेना. शेवटी पडद्यावर असं बाळ दिसलं, की तिचं तिलाच कौतुक वाटलं.

बारशाच्या दिवशी फ्रेम पाळण्याशेजारी मांडली. "अगंबाई, किती गोरंपान दिसतंय!" स्नेहलच्या सासूबाई म्हणाल्या. मुंबईची मंडळी मोबाईल काढून फोटोचाच फोटो काढायला लागली. एकीनं नंबर मागितला. सेजलचे पाय जमिनीला लागेनात. तेवढ्यात घुगऱ्यांचं पातेलं खाली ठेवून गोदूबाई पदराला हात पुसत आली, फ्रेमजवळ वाकली, आणि काचेवर बोट ठेवून म्हणाली, "हितला डाग कुठं गेला?"

"कुठला, आजी?"

"कानाखालचा. ह्याच्या आज्याला व्हता तसाच."

गोदूबाईचा नवरा हरिबा वर्षापूर्वी वारला. चिंचोक्याएवढा काळा डाग होता त्याच्या कानाखाली. तस्साच डाग नातवाला दिसला, तेव्हा हरिबा परत आला म्हणून वर्षभर न हसलेली ती बाई दवाखान्यात मोठ्यानं हसली होती. घरच्या साऱ्यांना हे ठाऊक. सेजलला कोण सांगणार? तिनं तो डाग तीट म्हणूनच पुसला होता.

तेव्हाच खरं बोलली असती तर? पण सगळ्यांच्या नजरा अंगावर, नि तोंडातून निघालं, "उजेडात उडाला असेल, आजी. कधी कधी येत नाही फोटोत."

गोदूबाईला ते पटलं. पटलं हेच वाईट झालं. तिनं पाळण्यातल्या बाळाची कुंची सारून कानाखाली बघितलं. डाग जागच्या जागी होता. तरी ती मटकन खाली बसली.

"जायचा असला की आधी सावली सोडते मानसाला, माजी आय सांगायची," ती म्हणाली. "फोटोत येत नाय म्हंजे ह्यो ऱ्हायचा नाय. परत चालला." आणि भर बारशात ती रडायला लागली. सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. पाळणा म्हणणाऱ्या बायकांनी गाणं अर्ध्यावर सोडलं.

धरणीनं पोटात घ्यावं असं सेजलला झालं. पण धरणी कशाला घेते असल्यांना? "आजी, रडू नका," ती कशीबशी म्हणाली. "तो डाग मी पुसला. तीट समजून. कॉम्प्युटरवर. आत्ता खोटं बोलले मी. मूळ फोटो आहे माझ्याकडे, त्यात डाग आहे, तोच छापून देते."

गोदूबाईनं डोळे पुसले. "तू शब्द दिलावतास."

"हो."

"आजून काय काय पुसलंस?"

आता लपवून काय उपयोग? सेजल खाली बघत सांगत गेली. सगळ्या तिटा. अंगाची सुटलेली सालं. बाळाला धरलेल्या स्नेहलच्या हातावरची सलाईनची खूण. "आणि रंग," ती म्हणाली. "थोडा उजळ केला. दोघांचा."

स्नेहल बापावर गेलेली, चांगली काळीसावळी. तिनं सेजलकडे पाहिलंच नाही. बाळाला पाळण्यातून उचलून छातीशी धरलं. मघाशी गोरंपान म्हणणाऱ्या सासूबाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

गोदूबाईनं फ्रेम उचलून सेजलच्या हातात दिली. ती ओरडली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं. ती शांतपणे म्हणाली, "ह्यो तुजा पोर तू घेऊन जा, गो. आमचा आमच्यापाशी हाय."

महाडच्या एसटीत सेजलला खिडकीशी जागा मिळाली. फ्रेम पिशवीत मावत नव्हती, म्हणून मांडीवर धरावी लागली. शेजारी भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बाईनं वाकून बघितलं.

"काय देखणं पोर हाय! कुणाचं गो?"

स्नेहलचं म्हणायला तिची जीभ रेटेना.

"कुणाचंच नाय," सेजल म्हणाली आणि तिनं फ्रेम पालथी घातली.

ती बाई पाटी घेऊन जरा सरकून बसली.